धातू आणि आतली मंडळी

भांडी बाजारात हल्ली तांब्याच्या बाटल्यांचा ढीग सगळ्यात पुढे असतो. रामकुंडावरून वर आलेला यात्रेकरू पूर्वी गंगेचं पाणी न्यायला छोटा गडू घ्यायचा (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात). आता तोच माणूस फिरकीच्या झाकणाची बाटली घेतो, ऑफिसात न्यायला. "रात्री भरून ठेवा काका, सकाळी अनशापोटी घ्या. पोट एकदम साफ," दुकानदार सांगतो.

यातलं अर्धं खरं आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली छापलेल्या प्रयोगात कॉलरा, टायफॉइड, हगवण यांच्या जातीचे जिवाणू मुद्दाम पाण्यात सोडले आणि ते पाणी सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं. नंतर त्यात एकही जिवंत जिवाणू वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेलं तांबं भरलं लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे मर्यादेच्या दशांशसुद्धा नाही. जिथे नळाचं पाणी गढूळ येतं तिथे हा गुण फार मोलाचा.

पण बाटलीतले जंतू मेले म्हणून पोटातले सुधारले असं होत नाही. मूठभर शेंगदाण्यांत त्या लिटरभर पाण्याहून जास्त तांबं असतं, आणि शेंगदाणे खाऊन पोट 'डिटॉक्स' झाल्याचं कुणी सांगत नाही. सकाळी साफ होतं ते लिटरभर पाणी ढोसल्यामुळे. स्टीलच्या तांब्यानंही होईल.

*

त्याच बाटलीत लिंबू पिळून पिणारे पाहिले की मात्र आमच्या आज्या आठवतात. ताक, चिंच, आमसूल, लिंबू यांतलं काही बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे त्यांना कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवलं नव्हतं. आंबट लागलं की तांबं सुटतं आणि झपाट्यानं सुटतं. मग मळमळ, उलटी.

जुन्या नाशकात कल्हईवाला आता विचारत विचारत शोधावा लागतो. पातेलं राख-वाळूनं घासून भट्टीवर धरायचं, पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. भस्सकन पांढरा धूर येतो, नाकाला झोंबतो. त्या धुरातच कथलाची कांडी तळाला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं वितळलेलं कथील कडेपर्यंत फिरवायचं. पिवळं पातेलं दोन-तीन हात मारताच चांदीसारखं होतं, की लगेच पाण्यात. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. या पाच मिनिटांवर किती मुलांचे जीव अवलंबून होते, ते पुढच्या टिपणात.

*

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८०च्या सुमाराला यकृताच्या एका आजाराची मुलं सारखी येत. वय साधारण सहा महिने ते तीन वर्षं. पोट फुगलेलं, यकृत टणक, कड धारदार लागणारी. मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत शेवट. एकाच घरात एकामागून एक दोन-तीन मुलं गेल्याच्या कहाण्या होत्या. वैद्यकाच्या पुस्तकात याला नावच 'भारतीय बालयकृतकाठिण्य' असं पडलं होतं; विषाणूपासून तुपापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्या यकृतांत तांबं मोजलं. निरोगी मुलाच्या यकृतात, कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला, पन्नासेक मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांत ते अनेकदा हजाराच्या घरात. मग त्यांनी घरोघरी विचारलं: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं? आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

यात एक बारकावा आहे, तो बाटलीवाल्यांनी वाचावा. नुसतं पाणी पितळेत ठेवलं तर तांबं थोडंच उतरतं. दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र तांबं धरून ठेवतं आणि भांड्यातून आणखी ओढत राहतं. म्हणजे आजीच्या पितळी तपेल्यातलं पाणी निर्धोक, आणि त्याच तपेल्यातलं बाळाचं दूध घातक. तान्ह्या बाळाचं यकृत जादा तांबं पित्तातून बाहेर टाकायला पुरतं तयार झालेलं नसतं.

पितळेच्या घरात वाढलेल्या सगळ्याच मुलांना हा आजार झाला नाही, तेव्हा काहींच्या रक्तातच कमकुवतपणा असणार. ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुलं अशाच आजारानं गेल्याची नोंद आहे. तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी आणि गाईचं दूध, आणि तिथेही काही कुटुंबांतच जास्त. भांडी बदलली, आजार गेला.

आपल्याकडेही तेच झालं. वरचं दूध पितळेत ठेवू नका, अंगावर पाजा, एवढा सल्ला होता. त्याला स्टीलच्या भांड्यांची साथ मिळाली. नव्वदच्या दशकात हा आजार इतका विरळ झाला की नव्या बालरोगतज्ज्ञांना तो पुस्तकातच भेटतो. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणींना आरोग्यखात्यानं एखादा सत्कार करायला हरकत नव्हती.

*

फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मापासून जंतुविरहित वाढवले, काही नेहमीसारखे. दोन्ही गटांत कुणाच्या पाण्यात शिसं, कुणाच्या पाण्यात कॅडमियम घातलं. जंतुविरहित उंदरांच्या रक्तात आणि अवयवांत हे धातू जास्त साठले. आतड्यातले जिवाणू धातूला स्वतःच्या भिंतीला चिकटवून घेतात, गंधकाशी बांधतात, आणि आतड्याचं अस्तरही राखतात. बराचसा माल शौचावाटे जातो. पंक्तीत पहिला घास आपल्याला मिळतो असं आपण समजतो; धातूच्या बाबतीत बऱ्याचदा आतली मंडळी आधी बसलेली असतात.

*

आता लोह. सुरगाणा-पेठकडच्या आश्रमशाळांत आठवड्यातून एकदा जेवणानंतर निळी गोळी देतात. साठ मिलिग्रॅम लोह, पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लहान मुलांची गुलाबी, गरोदर बायकांची लाल. मुली गोळी जिभेखाली धरतात आणि बाई पुढे सरकल्या की मुठीत घेतात. कारण विचारलं तर "पोटात कसंतरी होतं, शी काळी होते". कुणी काळजीनं, कुणी खिदळत सांगतं.

शी काळी होते म्हणजे लोह तिथपर्यंत पोचलं. गोळीतल्या लोहाचा दहातला एखादा वाटा अंगी लागतो. रक्तक्षय जास्त असेल तर थोडा अधिक. बाकीचं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे त्याची वाट पाहणारे असतात. ई. कोलाय, साल्मोनेला या कुळातल्यांना लोह जिवापाड हवं असतं. ते ओढून आणायला हे जिवाणू खास रेणू सोडतात. उलट लॅक्टोबॅसिलस कुळातल्या कित्येकांना लोहाची जवळजवळ गरजच नाही, ते मँगनीजवर भागवतात. अंगावरच्या दुधात लोह कमी असतं आणि आहे त्याला लॅक्टोफेरिन धरून ठेवतं. बाळाच्या पोटात कोण रुजेल याची व्यवस्था तिथपासून सुरू होते.

आयव्हरी कोस्टमधल्या शाळकरी मुलांना सहा महिने लोह घातलेली बिस्किटं दिली. २०१० सालचा हा अभ्यास सांगतो की त्यांच्या पोटात उपद्रवी कुळं वाढली, लॅक्टोबॅसिलस घटले, आतड्याला सूज असल्याची खूणही वाढली. रक्तक्षय मात्र हलला नाही. केनियात सहा महिन्यांच्या बाळांच्या मक्याच्या पेजेत लोहाची पूड घातली, तिथेही तसंच घडलं. नंतर त्याच गटानं पुडीत लॅक्टोजपासून केलेली, चांगल्या जिवाणूंना पोसणारी एक साखर मिसळली, तेव्हा नुकसान बरंच आवरलं.

हे वाचून गोळ्या फेकून देऊ नयेत. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. बाळंतपणात रक्त कमी असलेल्या बाईला आतड्यातल्या जिवाणूंचा हिशेब सांगायला जाणं हा आचरटपणा आहे. पण मात्रा किती आणि केव्हा, हे बोलायला हवं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की रोज गोळी घेण्यापेक्षा दिवसाआड घेतली तर दर गोळीमागे जास्त लोह अंगी लागतं. कारण एक गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन सोडतं आणि पुढचा दिवसभर आतड्याचं दार अर्धवट मिटतं. त्या मिटल्या दारावर दुसरी गोळी आदळली तर ती खालच्यांच्याच वाट्याला जाणार. आठवड्याची निळी गोळी या दृष्टीनं वाईट नाही. तिच्यावर लगेच चहा पाजतात ते वाईट.

*

रेशनच्या तांदळात पाण्यावर तरंगणारे दाणे सापडले की "प्लास्टिकचा तांदूळ" अशी आवई उठते. ते पोषणमूल्यं घालून यंत्रात घडवलेले दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात. प्रमाण ठरलेलं आहे: किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. माणशी महिन्याला पाच किलो धरले तर दिवसाला पाच ते सात मिलिग्रॅम. गोळीच्या मानानं हे थोडं थोडं आणि अन्नात मिसळून येतं, त्यामुळे खाली उतरणारा ढीगही लहान. निवडून फेकतात तेच दाणे कामाचे, हे रेशन दुकानात एका पाटीवर लिहिता आलं असतं. पाटी फक्त उधारी बंदची.

*

नाचणीत लोह भरपूर, असं म्हणतात. कॅल्शियम खरंच भरपूर. लोह आहे, पण फायटेटनं बांधलेलं. मोड आणले, पीठ आंबवलं की ते बंध सुटतात. रात्री भिजवलेल्या पिठाची सकाळची आंबील म्हणजे जिवाणूंकडून करून घेतलेलं हे काम, पोटाबाहेर. पॅकेटातली नाचणी बिस्किटं यातलं काही करत नाहीत, पण त्यावर डोंगराचं चित्र असतं.

बाजरीची गोष्ट जास्त रंजक. मालेगाव, येवला, सिन्नरकडे जी बाजरी खातात, तिच्यात 'धनशक्ती' हे लोह वाढवलेलं वाण २०१२ साली महाराष्ट्रात आलं. साध्या निवडपद्धतीनं काढलेलं, किलोला सरासरी ७१ मिलिग्रॅम लोहाचं. ते ज्या वाणातून निवडलं त्याचं मूळ बियाणं पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोचं. महाराष्ट्रातल्याच शाळकरी मुलामुलींना लोहयुक्त बाजरीच्या भाकरी चार-सहा महिने खाऊ घालून पाहिलं, आणि ज्यांना लोह कमी होतं त्यांचं ते भरून निघालं. तो अभ्यास २०१५ साली छापून आला. गोळी जिभेखाली धरता येते, भाकरी कोण धरतो?

*

बी-१२ हे जीवनसत्त्व कुठलाच प्राणी बनवत नाही, कुठलीच वनस्पती बनवत नाही. बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांचे काही भाऊबंद, आणि त्यासाठी मध्यभागी एक धातू लागतो: कोबाल्ट. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते करतात, खालच्या आतड्यात गाय ते शोषते आणि दुधातून आपल्याला देते. शाकाहारी माणूस दुधातून जे बी-१२ घेतो ते मुळात गाईच्या आतल्या मंडळींचं.

मग आपल्या पोटातल्यांनी बनवलेलं कुठे जातं? इथे निसर्गानं गंमत केलीय. माणसात बी-१२ शोषायची जागा लहान आतड्याच्या शेवटी, आणि बनवणाऱ्यांची मुख्य वस्ती त्याच्यापुढे, मोठ्या आतड्यात. माल दुकानाच्या पुढच्या गल्लीत तयार होतो आणि मागे वळत नाही. ससा स्वतःची लेंडी खाऊन ही अडचण सोडवतो. आपण ती सोय घालवून बसलोय. शिवाय त्या वस्तीतल्या बनवणाऱ्यांपेक्षा खाणारे जास्त. ज्या आतड्यातल्या जिवाणूंची जनुकं वाचली गेली त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिकांना बी-१२ जातीचा रेणू लागतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८० साली 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की दक्षिण भारतीयांच्या लहान आतड्यातही बी-१२ बनवणारे काही जिवाणू असतात. शाकाहाराचे कैवारी हा निबंध फार खुशीत सांगतात. पण पुण्यातल्या रक्ततपासण्यांनी त्या खुशीवर पाणी पाडलं: २००१ साली छापलेल्या अभ्यासात तपासलेल्या २०४ जणांपैकी ४७ टक्क्यांत बी-१२ कमी.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. जवळजवळ दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी. आणि जिथे आईचं बी-१२ कमी पण फॉलेट भरपूर, तिथल्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची खूण सर्वांत ठळक. आता सरकारी लाल-निळ्या गोळीकडे पुन्हा बघावं. फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. फॉर्टिफाइड तांदळात आहे, पण पाच किलोच्या हिशेबानं दिवसाला फार तर ०.२ मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं. गरज दोनेक मायक्रोग्रॅमची. इतकी वर्षं पुण्यात हे मोजलं जातंय आणि गोळी तीच आहे, हे मला कळत नाही.

त्यात भर म्हणजे वर्षानुवर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करते. तर्रीदार मिसळ आणि तिच्यावर ॲसिडिटीची गोळी हा नाशिकचा रविवार आहे, त्याबद्दल नंतर कधीतरी.

*

अँटिबायोटिकबरोबर बी-कॉम्प्लेक्स लिहून देण्याची आपल्याकडच्या डॉक्टरांची रीत. कल्पना अशी की बी बनवणारे जिवाणू मेले, तर आपण भरपाई करू. पाच दिवसांच्या कोर्सला याची फारशी गरज नसते. के जीवनसत्त्वाचं मात्र वेगळं. नवजात बाळाच्या आतड्यात ते बनवणारे अजून रुजलेले नसतात आणि आईच्या दुधातही ते कमी असतं, म्हणून जन्मताच मांडीत टोचतात. ते टोचणं चुकवू नये. ते चुकलेल्या बाळाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

*

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीनं मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं बोर्डो मारतात. फ्रान्सच्या बोर्डो भागात १८८५ साली सुरू झालेलं हे मिश्रण. तांब्यानं बुरशी मरते, पण सगळी नाही. बागांतून आलेल्या वाईनच्या यीस्टमध्ये तांबं पचवणाऱ्या एका जनुकाच्या अनेक प्रती सापडतात; पिढ्यान्‌पिढ्या मोरचूद खाऊन ते निर्ढावलंय.

डेन्मार्कमध्ये डुकरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात तांबं घालत. त्यांच्या आतड्यातल्या एन्टेरोकॉकस जिवाणूंत तांब्याला न जुमानणारं जनुक पसरलं, आणि ते अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जनुकांना बिलगून होतं. म्हणजे तांबं खाऊ घालून औषध न लागू पडणारे जिवाणू जोपासले गेले. आपल्याकडच्या पोल्ट्रीच्या खाद्यातही मोरचूद असतं. द्राक्षाच्या पेटीचा रेसिड्यू रिपोर्ट युरोपला जातो. कोंबडीखताच्या ट्रॉलीचा कुणी मागत नाही, आणि ती ट्रॉली द्राक्षाच्याच बागेत रिकामी होते.

*

हळद. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून शिशाचा क्रोमेट रंग चोळत. २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारनं छापे घातले, दंड केले, वर्तमानपत्रांतून सांगितलं, आणि २०२१ साली ते प्रमाण शून्यावर आलं. इतक्या स्वस्तात इतका मोठा फायदा क्वचितच होतो. अख्खी हळकुंडं घेऊन गिरणीत समोर दळून आणणाऱ्यांनीही हळकुंडाचा पिवळा रंग बोटाला फार लागतो का ते पाहावं, कारण चोळतात ते हळकुंडालाच.

शिसं आणि लोह आतड्यातून आत येतात ते बरंचसं एकाच वाटेनं. लोह कमी असलेल्या मुलाचं आतडं लोहाच्या हावेपोटी शिसंही जास्त ओढतं. निळ्या गोळीची बाजू इथे पुन्हा वर जाते.

आणि शेवटी टांझानिया, जिथे धातू अडवायचं काम जिवाणूंवर सोपवून पाहिलं. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वांझा शहरात गरोदर बायकांना आणि शाळकरी मुलांना एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस घातलेलं दही दिलं, शेवग्याच्या पाल्याची पूड मिसळून. २०१४ साली निकाल छापले. दही खाणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तात पारा आणि अर्सेनिक इतरांइतके वाढले नाहीत. मुलांत मात्र खात्रीनं सांगण्याजोगा फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, आणि आपल्या घरच्या विरजणातले जिवाणू तेच असतील असंही नाही. तरी शेवगा नाशिक जिल्ह्यात बांधाबांधावर आहे, दही घरोघरी आहे, आणि पुण्यात भारतीय आतड्यांतले जिवाणू वर्षानुवर्षं मोजणारी मंडळीही आहेत; प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा आपल्याकडे जास्त, हे तिथल्याच संशोधकांच्या कामातून पुढे आलं. प्रयोग इथे करायला टांझानियापेक्षा जास्त काही लागणार नाही. शेंगा विकून पाला बांधावरच टाकतात, तो फुकटच मिळेल.